मिरजेचा पाच व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर : पुनर्बांधणीच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

मामांचा ॲम्प्लिफायर मिरजेहून पुण्याला आला. मोनो, आउटपुट दहा वॅटच्या आसपास, १९७२ साली घरी बांधलेला. सर्किट मुलार्ड कंपनीचं ‘फाइव्ह-टेन’. त्यात व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, अशा : सुरुवातीला ईएफ ८६, पुढे फेज दुभागायला (सिग्नलच्या एकमेकींच्या उलट अशा दोन प्रती करायला) ईसीसी ८३, आउटपुटला पुश-पुलमध्ये (त्या दोन प्रतींवर जोडीने काम करणारे) दोन ईएल ८४ आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, ईझेड ८१. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून ते नाव. १९५०च्या दशकातलं हे सर्किट, पण घरी ॲम्प्लिफायर बांधणारे लोक अजून त्याच्याकडे वळतात. आपल्याकडे ते जमायचं याचं कारण यातले व्हॉल्व्ह मिळायचे. बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स ईएल ८४ बनवायची. या चासीवरची, म्हणजे ज्या पत्र्याच्या सांगाड्यावर सगळं बसवलंय त्यावरची, जोडीही बीईएलचीच आहे. काचेवरचा छाप पुसट झालाय, तरी उजेडात तिरपं धरलं की वाचता येतो.

चासी ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याची, कोपरे रिबिट मारलेले, आतलं वायरिंग टॅगस्ट्रिपवर (सोल्डर करायच्या कड्यांची पट्टी). पन्नास वर्षांपूर्वीचं काम असूनही सोल्डरचा एकही डाग सुटलेला नाही.

दुखणं असं : चालू केला की स्पीकरमधून गुणगुण येते, अर्ध्या तासाने आवाज फाटायला लागतो, आणि दोन ईएल ८४ पैकी उजवीकडचा भलताच तापतो.

मामांचा फोन आला. “आधी सगळी व्होल्टेजं वहीत उतरवून घे. मग काय कापायचं ते काप. आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरला हात लावू नकोस.”

माझंही तेच ठरलंय. सर्किट तेच ठेवायचं, मोनोच ठेवायचा. मी यावर जे ऐकणार आहे, म्हणजे जुन्या ख्यालगायकीच्या तबकड्या, त्यातलं बहुतेक मोनोतच ध्वनिमुद्रित झालेलं आहे. सुधारायची आहे ती सुरक्षितता, वीजपुरवठा आणि जिथे जिथे वयाने माल थकलाय ती जागा.

२० नोव्हेंबर

खालची पट्टी काढून नुसती पाहणी केली. मेन्सची (भिंतीतल्या विजेची) वायर दोनच तारांची, वरून सुती कापड. अर्थिंग नाही. मेन्सच्या एका तारेपासून चासीला ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कपॅसिटर. त्या काळच्या रेडिओतही हा सर्रास असायचा, रेडिओतला खरखराट कमी करायला. पण असा कपॅसिटर आतून शॉर्ट झाला तर अख्ख्या चासीत मेन्स उतरते, आणि चासी म्हणजे हात लागणारी वस्तू. तो आज पहिला काढला. बाकी कशालाही कात्री लावली नाही.

मग सीरिज दिव्याच्या बोर्डावर चालू केला. जुनं काहीही उघडल्यावर पहिल्यांदा चालू करताना मी १०० वॅटचा फिलामेंटचा दिवा मेन्सच्या वाटेत घालतो. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भकभकून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. एलईडीचा दिवा यासाठी निरुपयोगी आहे. असा एक तरी फिलामेंटचा दिवा जपून ठेवावा. दिवा सुरुवातीला उजळला आणि मग मंद झाला, म्हणजे मोठा बिघाड नाही. दिवा काढून थेट लाइन दिली आणि रीडिंग घेतली.

मेन्स २४६ व्होल्ट. हीटर (व्हॉल्व्हला आतून तापवणारी तार) ७.० व्होल्ट. एचटी (व्हॉल्व्हना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज) २९८ व्होल्ट. डावीकडच्या ईएल ८४ चा कॅथोड (तापून इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) १०.२ व्होल्ट, उजवीकडच्याचा १३.२.

या दोन ओळींत जवळजवळ सगळं दुखणं आहे. प्रत्येक कॅथोडला स्वतंत्र २७० ओहमचा रेझिस्टर आहे, त्यामुळे व्होल्टेजवरून करंट लगेच निघतो. डावीकडे सुमारे ३८ मिलिअँपिअर, उजवीकडे ४९. उजवीकडच्या करंटातून स्क्रीनचे (प्लेटआधीच्या जाळीचे) साधारण पाच वजा केले तरी प्लेटला, म्हणजे इलेक्ट्रॉन शेवटी पोचतात त्या टोकाला, ४४ उरतात आणि प्लेट ते कॅथोड २८० व्होल्ट. गुणाकार १२.३ वॅट. ईएल ८४ च्या प्लेटची कमाल मर्यादा १२ वॅट आहे. म्हणजे तो नुसता बसल्या जागी, गाणं न वाजवता, मर्यादेच्या पलीकडे चाललाय.

आणि हीटर ७.० व्होल्टवर. हवेत ६.३. दहा टक्के वरखाली चालतं असं धरलं तरी वरची हद्द ६.९ आहे.

२१ नोव्हेंबर

उजवीकडचा व्हॉल्व्ह खराब की त्याच्या ग्रिडला (करंट कमीजास्त करणाऱ्या जाळीला) मिळणारं व्होल्टेज चुकीचं, हे ठरवायचं होतं. ग्रिडवर, म्हणजे पिन २ वर, मीटर लावला. शून्य हवं तिथे +१.९ व्होल्ट.

ग्रिड असा वर चढायला कारणं दोन. एक, आधीच्या ईसीसी ८३ च्या प्लेटकडून येणारा कपॅसिटर गळतोय आणि तिकडचं उच्च व्होल्टेज झिरपून ग्रिडवर येतंय. दोन, व्हॉल्व्हचाच ग्रिड आतून करंट सोडतोय. परीक्षा सोपी आहे. व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढायचा आणि त्याच पिनवर पुन्हा मोजायचं. व्होल्टेज गेलं तर दोष व्हॉल्व्हचा, राहिलं तर कपॅसिटरचा.

राहिलं. बीईएलचा ईएल ८४ निर्दोष आहे, गळतोय तो कपॅसिटर. ग्रिड रेझिस्टर ४७० किलोओहमचा, त्यावर १.९ व्होल्ट म्हणजे गळती चार मायक्रोअँपिअर. आकडा ऐकायला नगण्य वाटतो. कपॅसिटरचा रोध म्हणून पाहिला तर तो ५० मेगओहमच्या आसपास भरतो, साध्या मल्टिमीटरवर असा कपॅसिटर ‘ठीक’ दिसतो. पण एवढ्या गळतीने व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर गेला. तापला की गळती वाढते, गळती वाढली की आणखी तापतो. अर्ध्या तासाने आवाज का फाटतो त्याचं उत्तर हेच.

जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर हाती आला की पहिल्यांदा नवे व्हॉल्व्ह मागवणारे लोक मला भेटतात. नवी जोडी इथे घातली असती तर चार दिवस बरी वाजली असती आणि तीही भाजून निघाली असती.

३० नोव्हेंबर

गेले काही दिवस घरातल्या लाइनचं व्होल्टेज टिपून ठेवतोय. सकाळी घराघरांत गिझर चालू असतात तेव्हा २३४ ते २३७. दुपारी २४२-२४४. संध्याकाळी एकदा २३१ पर्यंत खाली आलं. रात्री अकरानंतर २४८.

मामांना विचारलं, मेन्सचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टला का गुंडाळला. ते म्हणाले, “अरे, तेव्हा मिरजेत संध्याकाळी २२० दिसलं तर दिवाळी. २०० चं टॅपही काढलंय बघ, उन्हाळ्यात त्यावर टाकायचो.” खरंच आहे, प्रायमरीला (मेन्सकडच्या गुंडाळीला) ०, २०० आणि २२० अशी टोकं आहेत.

म्हणजे ॲम्प्लिफायर बिघडला त्यात त्याचं वय निम्मंच कारणीभूत. बाकी निम्मं कारण भिंतीतल्या प्लगात आहे. २२० साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २४६ दिले की सेकंडरीचं (पुढे वीज देणाऱ्या गुंडाळीचं) प्रत्येक व्होल्टेज बारा टक्क्यांनी चढतं. हीटर चढतो, एचटी चढते, सगळे रेझिस्टर जास्त तापतात, कपॅसिटरवर जास्त ताण येतो. जुन्या रेडिओ-ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीत ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोक पाहतात आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

उपाय दोन होते. हीटरच्या वाटेत छोटे रेझिस्टर घालायचे, म्हणजे हीटर खाली येईल. पण एचटी तशीच राहील. दुसरा उपाय मूळ मेन्सच खाली आणायची : एक छोटा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, त्याची प्रायमरी मेन्सवर टाकायची आणि सेकंडरी ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या फेजच्या तारेत उलट्या दिशेने, सीरिजमध्ये जोडायची. सेकंडरीचं व्होल्टेज मेन्समधून वजा होतं. हा ट्रान्सफॉर्मर मोठा लागत नाही, कारण ॲम्प्लिफायर मेन्सकडून ०.३ अँपिअरच्या आतच घेतो.

१२-०-१२ की ९-०-९ (मधलं टोक शून्य, त्याच्या दोन्ही बाजूंना बारा किंवा नऊ व्होल्ट)? दोन्ही बाजारात कुठेही मिळतात. १२-०-१२ ची दोन टोकं वापरली तर २४ व्होल्ट वजा होतात, २४६ चे २२० होतात, अगदी मापात. पण संध्याकाळी २३१ असताना हीटर ६ च्या खाली जाईल. कमी हीटरवर व्हॉल्व्ह चालवणंही त्याच्या कॅथोडला चांगलं नाही. ९-०-९ चे १८ वजा केले तर वरच्या टोकाला, २४८ ला, हीटर ६.५ च्या आसपास आणि खालच्या टोकाला ६.१. दोन्ही हद्दींपासून लांब. ९-०-९, १ अँपिअर ठरला.

३ डिसेंबर

आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला. मामांनी तो स्वतः गुंडाळला, हाताने फिरवायच्या मशीनवर, थरांमध्ये मेणकागद घालून. प्रायमरी दोन भागांत आणि त्यांच्या मधोमध सेकंडरी, म्हणजे वरच्या पट्टीतले सूर आत अडकत नाहीत. त्यांच्या वहीतली नोंद त्यांनी फोनवर वाचून दाखवली : प्रायमरी १४०० अधिक १४०० वेढे, सेकंडरी १२२.

मोजून पाहिलं. प्रायमरीच्या दोन टोकांना छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १२.४ व्होल्ट एसी दिले, सेकंडरीवर ०.५४ आले. गुणोत्तर २३. वहीतल्या वेढ्यांचा भागाकारही २३. पन्नास वर्षांनंतर वही आणि मीटर इतके जुळताना पाहून मी बराच वेळ काम थांबवून बसलो.

गुणोत्तराचा वर्ग सुमारे ५२८. स्पीकर १५ ओहमचा असेल तर प्लेटच्या बाजूने ८ किलोओहम दिसतात, आणि ईएल ८४ च्या जोडीला नेमके तेवढेच हवेत. पण आजचे स्पीकर ८ ओहमचे. तो लावला तर प्लेटला ४.२ किलोओहमच दिसतील, पॉवर कमी, विकृती जास्त. याला ट्रान्सफॉर्मर उकलायची गरज नाही. ८ ओहमचे दोन स्पीकर सीरिजमध्ये लावले की १६ होतात. मोनो ॲम्प्लिफायर असल्यामुळे एकाच खोक्यात दोन स्पीकर बसवता येतील. मामांची अट पाळली गेली आणि कामही झालं.

७ डिसेंबर

बुधवार पेठेत खरेदी. रेझिस्टर, टॅगस्ट्रिप, पॉटेन्शिओमीटर, तीन तारांची मेन्स वायर, फ्यूजचे होल्डर, ९-०-९. व्हॉल्व्हचे सिरॅमिक सॉकेट मात्र मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून एका मित्राने आणून दिले.

एक वस्तू एअर कंडिशनरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून घेतली : ३६ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसीचा कॉम्प्रेसरचा कपॅसिटर. दुकानदाराने विचारलं, “किती टनाचा आहे?” मी ॲम्प्लिफायरसाठी हवाय म्हटल्यावर त्याने दोन नग काढून दोन्ही मीटरवर मोजून दिले.

हा का, तर रेक्टिफायरनंतरचा पहिला कपॅसिटर सगळ्यात जास्त मार खातो. मामांनी तिथे त्या काळचा ३२+३२ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक (आत ओलं रसायन असलेला) डबा लावलाय, आता सुकलेला. नवा इलेक्ट्रोलिटिकही पंधरा-वीस वर्षांनी सुकेलच. कॉम्प्रेसरचा कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मचा असतो, त्यात सुकण्यासारखं काही नाही, आणि ४४० व्होल्ट एसी म्हणजे शिखर ६२० च्या वर. २७५ व्होल्टची एचटी त्याला काहीच नाही.

किंमत कमी म्हणून १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक इथे घालायचा मोह होतो. ईझेड ८१ ला पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा द्यायचा नसतो. मोठा दिला तर प्रत्येक सायकलला तो भरताना व्हॉल्व्हमधून करंटचे झटके जातात आणि कॅथोड झिजतो. जेवढं गाळायचं ते पुढे चोकनंतर (डीसीतली उरलेली लहर अडवणारी गुंडाळी) गाळावं.

१२ डिसेंबर

आज कात्री लागली.

व्हॉल्व्हचे जुने सॉकेट बेकलाइटचे. ईएल ८४ च्या सॉकेटवर पिन ७ भोवती, म्हणजे प्लेटच्या पिनभोवती, बेकलाइट तपकिरी होऊन जळल्यासारखं झालंय. तिथून शेजारच्या पिनकडे करंट सरकायला वाट तयार होते. पाचही सॉकेट सिरॅमिकचे बसवले. भोकं २२ मिलिमीटरचीच होती, कानस लावावी लागली नाही.

मेन्सची बाजू अशी : तीन पिनांची वायर, अर्थिंगची तार पत्रा घासून स्वतंत्र बोल्टने चासीला, त्या बोल्टवर दुसरं काही नाही. फेजच्या तारेत आधी १ अँपिअरचा फ्यूज, मग स्विच, मग ९-०-९ ची सेकंडरी, मग मोठ्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी. छोट्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरीसुद्धा स्विचच्या पुढेच. दिशा उलटी की सुलटी हे डोळ्यांनी कळत नाही. मोजलं तर पहिल्याच जोडणीत २२६ आले. २६५ आले असते तर सेकंडरीची दोन टोकं अदलाबदल करायची. ही मोजणी मोठा ट्रान्सफॉर्मर जोडण्याआधी करावी.

एचटीवर २२० किलोओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडला. ॲम्प्लिफायर बंद केल्यावर कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज त्यातून जमिनीला जातो. मिनिटभरात ५० व्होल्टच्या खाली येतं. पूर्वी तसा काही मार्ग नव्हता, बंद करून, प्लग काढूनही आत व्होल्टेज बसलेलं असू शकायचं. ज्यांना असं काही बांधायचंय त्यांनी हा एक रेझिस्टर विसरू नये आणि तो असला तरी हात घालण्याआधी मीटर लावून पाहावं.

१५ डिसेंबर

हीटरचं वायरिंग. मूळ रचनेत हीटरची एकच तार फिरवलेली, परतीची वाट चासीतून. दोन-अडीच अँपिअर एसी चासीच्या पत्र्यातून वाहतोय आणि त्याच पत्र्यावर ईएफ ८६ चं इनपुट जमिनीला जोडलेलं. गुणगुण येणारच.

आता दोन तारांची घट्ट वेणी घालून, चासीच्या कोपऱ्या-कोपऱ्याने, आधी ईएल ८४, मग ईसीसी ८३ आणि शेवटी ईएफ ८६. ज्याला सर्वांत कमी करंट लागतो आणि ज्याला गुणगुण सर्वांत जास्त बाधते तो शेवटी. ईसीसी ८३ ला ६.३ व्होल्टवर चालवताना पिन ४ आणि ५ एकत्र आणि दुसरी बाजू पिन ९ ला.

हीटरला मधलं टोक नव्हतं. १०० ओहमचे दोन रेझिस्टर दोन तारांवर घालून त्यांचा मध्य धरला, आणि तो मध्य जमिनीला न जोडता एका ईएल ८४ च्या कॅथोडला जोडला. तिथे आयतेच साडेनऊ-दहा व्होल्ट डीसी असतात, कपॅसिटरने शांत केलेले. हीटर कॅथोडपेक्षा थोडा वर राहिला की ईएफ ८६ च्या हीटरमधून कॅथोडकडे उडणारे इलेक्ट्रॉन थांबतात. नवीन काहीही विकत न घेता होणारी ही सुधारणा आहे.

१८ डिसेंबर

रेझिस्टर. काढलेले सगळे मोजून वहीत लिहिले. जुने कार्बनचे रेझिस्टर तापून तापून वर सरकतात. ईसीसी ८३ च्या दोन प्लेटना १०० किलोओहमचे दोन हवेत : एक ११२ भरला, दुसरा १३१. म्हणजे दोन ईएल ८४ ना मिळणारे उलट फेज सारखे नव्हतेच. ईएफ ८६ च्या स्क्रीनचा ३९० किलोओहमचा ५२० झालेला. या सर्किटात ईएफ ८६ ची प्लेट मधे कपॅसिटर न घालता थेट ईसीसी ८३ च्या ग्रिडला जोडलेली असते, त्यामुळे पहिल्या व्हॉल्व्हचं व्होल्टेज सरकलं की पुढच्याचं आपोआप सरकतं. सगळे मेटल फिल्मचे घातले, एचटीच्या जागी २ वॅटचे, आणि प्लेटची जोडी मोजून जुळवून घेतली.

दोन्ही कपलिंग कपॅसिटर (ईसीसी ८३ आणि ईएल ८४ यांच्या मधले, गळका होता तो यातलाच) ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीन. होते त्याच मापाचे. ०.४७ घातले तर खर्ज वाढेल असं काही जण सांगतात. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) असलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये ते धोक्याचं आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि हे कपॅसिटर मिळून अगदी खालच्या कंपनसंख्येला हेलकावे सुरू करू शकतात. मूळ मापं विचार करून ठरवलेली आहेत.

ईएल ८४ च्या स्क्रीनला प्रत्येकी १०० ओहम घातले. पिन १, ६, ८ रिकाम्या वाटल्या तरी त्यांना कुठलीही तार टेकवली नाही. त्या आतून जोडलेल्या असू शकतात.

२२ डिसेंबर

सीरिज दिवा लावून पहिला चालू. दिवा उजळला, मंदावला. दिवा काढला.

मेन्स २४४, ९-०-९ नंतर २२५. हीटर ६.४. ईझेड ८१ चा कॅथोड सावकाश तापतो, त्यामुळे एचटी बाकीचे व्हॉल्व्ह तयार होईपर्यंत चढत नाही. अर्ध्या मिनिटात २७३ वर येऊन थांबली. इथे सेमीकंडक्टरचे डायोड घातले असते तर चालू करताक्षणी, सगळे व्हॉल्व्ह थंड असताना, ३६० व्होल्ट कपॅसिटरवर आले असते. ईझेड ८१ ठेवण्याचं माझं कारण हे आहे, आवाजातला फरक हे नाही.

कॅथोड ९.५ आणि ९.८. ग्रिड दोन्हीकडे शून्य. प्लेटवर सव्वाआठ वॅटच्या आसपास. बीईएलची जोडी तीच आहे.

मामांना फोन केला. त्यांनी आवाज कसा येतो ते विचारलंच नाही. “कॅथोडला किती आले?” आकडे ऐकून म्हणाले, “मग झालं. आता तीस वर्षं बघायला नको.”

२६ डिसेंबर

आता गुणगुणीकडे. इनपुट शॉर्ट करून, सोळा ओहमच्या लोडवर (स्पीकरच्या जागी रेझिस्टर) पूर्वी ९ मिलिव्होल्ट होती. आज १.४.

पण ही गुणगुण कानाने तपासायची एक पद्धत मला मीटरपेक्षा जास्त पटते. लाइन ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतर १०० ची होते. हार्मोनियमच्या भाषेत मंद्रातली पांढरी पाच ९८ हर्ट्झ. म्हणजे एचटीची गुणगुण पांढरी पाचपेक्षा जराशी चढी असते. बायकांच्या पट्टीतला तानपुरा पांढरी पाचला लावला की त्याचा खर्ज नेमका ९८ वर येतो, आणि ॲम्प्लिफायरमध्ये १०० ची गुणगुण असेल तर दोघांचं भांडण ऐकू येतं, सेकंदाला दोन हेलकावे. खर्जाची तार छेडल्यावर तिचा सूर सरळ विरत जायला हवा. तो हलत हलत विरला तर दोष तारेत नाही, पुरवठ्यात आहे.

तानपुऱ्याचं असं एक ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, पांढरी पाचचंच. जुन्या अवस्थेत त्यात हेलकावे स्पष्ट होते, मी ते १७ नोव्हेंबरला लावून ऐकले होते. आज आवाज पूर्ण वाढवून, स्पीकरला कान लावून ऐकलं. खर्ज सरळ विरतो. आणि जवारी सुटी झालीय. एका तारेतून निघणारे वरचे सगळे सूर एकमेकांत न मिसळता वेगवेगळे उभे राहतात. मिरज हे तानपुऱ्याचं गाव, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच राहिले. त्या गावात बांधलेल्या ॲम्प्लिफायरवर तानपुरा असा ऐकू आला, याचा मला मनापासून आनंद झाला.

२९ डिसेंबर

ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर. लोड म्हणून ३३ ओहमचे दोन मोठे रेझिस्टर समांतर, म्हणजे साडेसोळा. १ किलोहर्ट्झची साइन लाट १२.४ व्होल्टपर्यंत स्वच्छ, त्यापुढे माथे सपाट होतात, वरचे आणि खालचे एकाच वेळी. म्हणजे दोन्ही ईएल ८४ सारखं काम करतायत. पॉवर सव्वानऊ वॅट. गुणगुण त्याच्या ७९ डेसिबल खाली.

१० किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेच्या कोपऱ्यावर थोडा थरकाप दिसला, तीन-चार लाटांत विरणारा. फीडबॅकच्या रेझिस्टरवर २२० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर ठेवला. कोपरा गोलसर झाला, थरकाप एका लाटेवर आला. लोड काढून पाहिलं, तेव्हाही स्वतःहून शिट्टी मारत नाही.

फोनचा किंवा सीडी प्लेअरचा सिग्नल याला फार मोठा होतो, पाव व्होल्टाच्या आतच पूर्ण पॉवर मिळते. व्हॉल्यूमची कळ जरा हलवली की घर दणाणतं. इनपुटला ४७ किलोओहम सीरिजमध्ये आणि ४.७ किलोओहम जमिनीला, असा एक सॉकेट वेगळा काढला. डावं-उजवं त्याआधी १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून एकत्र केलंय. तबकडीच्या प्रीॲम्पसाठी दुसरा सॉकेट थेट आहे.

५ जानेवारी २०२५

रोज संध्याकाळी दोन-तीन तास वाजतोय. कॅथोडची व्होल्टेजं तीन तासांनंतरही ९.६ आणि ९.९. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता येतो, पूर्वी येत नव्हता.

सगळ्या व्होल्टेजचा तक्ता, आधीची आणि आताची, मेन्स किती असताना घेतली त्यासकट, कागदावर लिहून खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला चिकटवला. सर्किटचं हाताने काढलेलं चित्रही, ९-०-९ दाखवून. पुढे जो कोणी उघडेल त्याला हे सरळ हातात मिळेल. काढलेले रेझिस्टर आणि तो गळका कपॅसिटर पाकिटात घालून मामांकडे पाठवतोय. त्यांनी मागितलेत, त्यांना ते स्वतः मोजायचेत.

ईएल ८४ आणि ईएफ ८६ चा एकेक जोड जादा घेऊन ठेवायचाय. नवे ईएल ८४ स्लोव्हाकियात जेजे कंपनी अजून बनवते. घाई नाही.

राहिलंय ते सुताराकडचं काम. खोकं सागवानी, ॲम्प्लिफायरच्या वर निदान चार इंच मोकळी जागा, तळाला आणि पाठीला जाळी, म्हणजे हवा खालून शिरून वर निघेल. ईझेड ८१ आणि ईएल ८४ च्या बाजूला लाकूड दोन इंचांच्या आत नको. मापं काढून दिली आहेत, संक्रांतीनंतर तो काम हाती घेईल.